दुधाची गाडी जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं?



कुरुळीत उभं राहून गाड्यांबद्दल बोलायला थोडा धीर लागतो. म्हाळुंग्याला बजाजचा कारखाना, निघोजे-खराबवाडीच्या अंगाला फोक्सवॅगन, शेजारी महिंद्रा, पलीकडे मर्सिडीज. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत कुणी ना कुणी गाडीचा एखादा भाग बनवत असणार, तपासत असणार, नाहीतर तो भाग घेऊन जाणाऱ्या कंटेनरच्या मागे रोज अर्धा तास अडकत असणार. तेव्हा गाडी म्हणजे काय हे सांगायला मी आलेलो नाही. मी एकाच गाडीबद्दल बोलणार आहे. ती आता कुणी बनवत नाही, तिचा फोटो कुणी स्टेटसला ठेवत नाही, आणि भंगारवाला सोडला तर तिची चौकशी कुणी करत नाही. ती म्हणजे दुधाची गाडी.

समजा, तुमच्या माहितीत अशी एखादी गाडी आहे. गोठ्यामागे, चिंचेखाली, चाकं जमिनीत रुतलेली. तीनचाकी टेम्पो असेल, मॅटाडोर असेल, किंवा 407 असेल. घरात दोन मतं आहेत. एक म्हणतं, किलोवर देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल. दुसरं म्हणतं, आजोबांची गाडी आहे, रंगवून ठेवू. माझं म्हणणं असं आहे की या दोन्ही मतांमध्ये गाडी जाते. पहिल्यात लगेच जाते, दुसऱ्यात जरा चकाचक होऊन जाते. ते कसं, हे समजायला आधी ही गाडी इथे काय करत होती ते बघावं लागेल.

सुरुवात रेल्वेपासून करतो, कारण खेड तालुक्यात रेल्वे नाही. शेजारच्या मावळात आहे. मावळातल्या गवळ्यांना पुणे-लोणावळा लोकल होती. डब्याच्या दाराशी किटल्या आणि कॅन टेकवून उभे असलेले दूधवाले ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा मात्र आजोबांपासून नातवापर्यंत चालू आहे. त्यामुळे खेडच्या दुधाला रस्ता सोडून दुसरी वाट कधी नव्हतीच. आधी सायकल, बैलगाडी, एसटी, नंतर टेम्पो. मावळात गाडी चुकली तर पुढची लोकल असायची. इथे टेम्पो आला नाही तर दूध घरीच.

आणि दूध घरी राहणं म्हणजे काय, हे धान्यवाल्याला कळणार नाही. ज्वारीचं पोतं दोन दिवस थांबतं. कांदा चाळीत चार महिने थांबतो. दूध थांबत नाही. धार काढल्यावर दूध साधारण गाईच्या अंगाइतकं कोमट असतं, आणि त्या तापमानाला त्यातल्या जिवाणूंची संख्या वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. ते जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. वैशाखात चार-पाच तास गेले की दूध दिसायला चांगलं असतं, पण तापवलं की फाटतं. डेअरीत नेमकी हीच परीक्षा घेतात. थोडं दूध नळीत उकळून बघायचं, गाठी झाल्या की कॅन परत. मग परत आलेल्या कॅनचं त्या घरात काय व्हायचं? थोडा खवा, थोडं ताक, बाकी गटारीत. आणि दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारात तेवढा खड्डा.

दुधाचा पगार हा शब्द मला फार आवडतो. पीक विकलं की पैसे आले म्हणतात, दुधाचा मात्र पगार होतो. कंपन्या यायच्या कितीतरी आधी इथल्या घरांत दर दहा दिवसांनी पगार होत होता, आणि तो बऱ्याच ठिकाणी बाईच्या हाताशी असायचा, कारण शेण, वैरण, धार हे तिचंच काम. त्या पगाराचा एक टोकाचा माणूस म्हणजे गोठ्यातली बाई आणि दुसऱ्या टोकाचा माणूस म्हणजे टेम्पोचा ड्रायव्हर. दोघांच्या मधे फक्त घड्याळ.

आता गाडीकडे येऊ. आपण मराठीत कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो. "टेम्पो सांगितलाय", "टेम्पो भरला". हा शब्द मुळात एका कंपनीचं नाव आहे. जर्मनीत हाम्बुर्गजवळ फिडाल आणि सोन नावाचा कारखाना होता, त्यांच्या गाड्यांचं नाव टेम्पो. त्यांच्या सहकार्याने 1958 मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी सुरू झाली, नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने. गाडी होती हॅन्सीट, तीनचाकी. पहिला कारखाना मुंबईत गोरेगावला, आणि 1964 पासून आकुर्डी. म्हणजे इथून पंधरा-वीस किलोमीटर. मग 1969 पासून मॅटाडोर. आज त्या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स आहे.

हे नुसतं तारखांचं प्रकरण नाही. आपल्या भागाबद्दल नेहमी असं सांगितलं जातं की आधी शेती होती, दूध होतं, मग कारखाने आले आणि ते संपलं. ही गोष्ट अर्धी खरी आहे. पहिल्या टप्प्यात कारखान्यानेच दूध वाढवलं. आकुर्डीला गाडी तयार झाली म्हणून या टापूतल्या आडरानातल्या वस्तीवरचं दूध पुण्याला पोचायला लागलं. पुणे जिल्हा दूध संघ, म्हणजे आपली कात्रज डेअरी, 1960 ची. टेम्पो 1958 चा. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंची बाएफ 1967 ची, तिथून संकरित गाईंचं काम पसरलं. आणि आणंदच्या धर्तीवर देशभर दूध वाढवण्याची महापूर योजना 1970 ची. चार तारखा शेजारी मांडून बघा. गाय जास्त दूध द्यायला लागली, ते दूध घेणारी डेअरी उभी राहिली, आणि मधलं अंतर कापणारी गाडी मिळाली, हे सगळं साधारण बारा वर्षांत झालं. यातली गाय सगळ्यांना आठवते. डेअरीवर पाटी असते. गाडी मात्र गोष्टीतून गळते.

बरं, हीच गाडी का? इथे जरा यंत्राकडे बघू, कारण मुद्दा तिथेच आहे.

हॅन्सीटला पुढे एक चाक. इंजिन पुढे, दोन स्ट्रोकचं, आणि ताकद त्या पुढच्याच चाकाला. मॅटाडोरला चार चाकं, पण तीही पुढच्या चाकांनी ओढणारी. मागच्या चाकांना नुसतं फिरायचं काम. म्हणजे हौद्याखालून लांब फिरता दांडा जात नाही, मागे मोठा गिअरचा गोळा नाही. दांडा नाही म्हणून हौदा खाली आणता येतो. आता चाळीस लिटरचा ॲल्युमिनियमचा कॅन डोळ्यासमोर आणा. दूध एक्केचाळीस किलो, वर कॅनचं वजन. पंचेचाळीस-पन्नास किलोचा ऐवज पहाटे साडेचारला, दव पडलेल्या हातांनी, बांधावरून उचलून गाडीत ठेवायचा. वीस कॅन भरायचे म्हणजे एक टन उचलायचं. हौदा मांडीएवढा आहे की छातीएवढा, यावर क्लीनरची कंबर चाळिशीला राहते की जाते हे ठरतं. कुणी जर्मन अभियंत्याने खेडच्या क्लीनरची काळजी म्हणून हे केलेलं नाही, पण त्याचा फायदा त्याला झाला.

तोटाही होता. मागे एक टन पडला की पुढचं चाक हलकं होतं, आणि ओढायचं काम तर त्याचंच. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चढावर ते जागच्या जागी फिरायचं. मग ढकला. तीनचाकी वळणावर झुकायची हे वेगळंच. ड्रायव्हर लोक कॅन लावण्याचा क्रम त्यावर ठरवायचे: भरलेले पुढे, केबिनला टेकून, अर्धे मागे. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण ते गाडीवर लिहिलेलं असतं, आणि आता मी माझ्या मुद्द्यावर येतो.

कॅन वर्षानुवर्षं ठरलेल्या जागी उभे राहिले की हौद्याच्या पत्र्यावर त्यांचे गोल उमटतात. दूध सांडतं, त्याचं आम्ल होतं, ते रंग खातं आणि पत्रा गंजवतं. कडीच्या घासण्याने बाजूच्या फळीवर खाचा पडतात, एका ठराविक उंचीवर. फाळक्याचा वरचा काठ मधेच गुळगुळीत झालेला असतो, कारण कॅन तिथूनच सरकवला जातो. क्लॉचच्या पायाखालचं रबर एका बाजूने झिजतं. कुणीतरी ड्रायव्हरशेजारी अडकवायला एक ठोकून बसवलेली कडी असते. ती कंदिलासाठी होती, वहीसाठी होती की देवाच्या हारासाठी, हे फक्त चालवणाऱ्यालाच ठाऊक.

आता ही गाडी गॅरेजला दिली. डेंटर येतो, गोल डाग घासून काढतो. पुट्टी भरतो. फाळका नवा बसवतो. वर झकास निळा रंग आणि चकचकीत अक्षरं. घरच्यांना आनंद होतो, गावात फोटो निघतात. पण त्या गाडीने दूध वाहिल्याचा एकही पुरावा आता तिच्या अंगावर उरलेला नाही. ती टेम्पोची प्रतिकृती झाली, फक्त मूळ सांगाड्यावरची. जुन्या वाड्याच्या सागवानी खांबाला ऑइल पेंट मारतात ना, तसं.

जगात हा प्रश्न आधी येऊन गेलाय. जुन्या वाहनांची फिवा नावाची आंतरराष्ट्रीय महासंस्था आहे, तिने 2012 मध्ये तुरीन सनद म्हणून एक दस्तऐवज केला. त्यात राखणं, सांभाळून टिकवणं आणि पूर्ववत करणं या तीन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत, आणि कल असा की शक्य तितका कमी हात लावा. बदल केलाच तर तो ओळखू येईल आणि नोंदलेला असेल असा करा. श्रीमंतांच्या मोटारींच्या बाबतीतसुद्धा आता मूळ रंगाची, ओरखडे असलेली गाडी रंगवलेल्या गाडीपेक्षा वरची मानायला लागलेत. राजाच्या गाडीला जर हे लागू असेल तर कामाच्या गाडीला दुप्पट लागू आहे. राजाची गाडी निदान तिच्या घडणीसाठी बघतात. कामाच्या गाडीत बघायचं ते कामच.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, पेट्या गोळा केल्या तेव्हा ती कुणाला ठेवा वाटत नव्हती, घरातली अडगळ वाटत होती. आज तेच बघायला राजा केळकर संग्रहालयात रांग लागते. घासून गुळगुळीत झालेली वज्री ही वापरलेली आहे म्हणूनच ती तिथे आहे.

मग प्रत्यक्षात करायचं काय? जी गाडी उघड्यावर उभी आहे तिच्यासाठी पहिलं काम रंगाचं नाही, छपराचं. आणि छप्पर म्हणजे ताडपत्री गुंडाळणं नव्हे. प्लॅस्टिकची ताडपत्री अंगाला चिकटून बांधली की आत वाफ धरते, आणि चार महिन्यांच्या पावसात गाडी उघड्यावर जितकी गंजली नसती तितकी गंजते. वर पत्रा हवा, बाजू मोकळ्या, खाली कोरडी जमीन. चाकं मातीतून काढून सांगाड्याखाली लाकडी ठोकळे द्या म्हणजे टायरवर भार येत नाही. बॅटरी काढा. टाकीतलं जुनं पेट्रोल-डिझेल काढून टाका. सीटमधला काथ्या आणि वायरिंग उंदरांना फार आवडतं, तेवढं बघा. धुवायचं तर साध्या पाण्याने, मऊ फडक्याने, आणि लगेच पुसून. प्रेशरचा फवारा मारला तर सुटत आलेली अक्षरं निघून जातील. जिथे गंज पत्रा खातोय तिथे तेलाचा पातळ हात पुरतो. वाळूचा मारा करून पत्रा पांढरा करायचा नाही. एवढ्याला फार खर्च नाही. डेंटिंग-पेंटिंगच्या तुलनेत तर काहीच नाही.

अक्षरांबद्दल थांबून सांगायला हवं. मागच्या फळीवर पेंटरने काढलेलं असतं: मालकाचं नाव, गावाचं, देवाचं, दूध वाहतूक, हॉर्न ओके प्लीज. 2015 मध्ये परिवहन आयुक्तांनी राज्यात हॉर्न ओके प्लीज लिहायला बंदी केली. लोक त्या अक्षरांचा अर्थ हॉर्न वाजवा असा घेत होते. म्हणजे ज्या गाडीवर ते अजून आहे ती बहुधा त्याआधीची रंगवलेली. तसंच नंबर पाटी. एमएच-12, एमएच-14 ही पद्धत 1989 नंतरची. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे, मधे आरटीओचा आकडा नाही. पाटीवर तीन अक्षरं दिसली की समजायचं, गाडी पस्तिशी ओलांडलेली आहे. नवी पाटी करून घेण्याच्या नादात ही फेकू नका.

आणि गाडीबरोबरच्या वस्तू. कॅन असतील तर झाकणासकट ठेवा. संस्थेचा नंबर लाल रंगात टाकलेला असतो त्यावर. लॅक्टोमीटर, फॅट काढायच्या काचेच्या नळ्या, दुधाची पासबुकं, दहा दिवसांची बिलं. बिलावर नुसते लिटर नसतात, फॅट आणि एसएनएफ असतं. उन्हाळ्यात फॅट कसा हलतो, दिवाळीत दूध किती वाढतं, कुठल्या वर्षी एका घरचं दूध अचानक बंद होतं, हे त्यातून दिसतं. दूध बंद झालं ते वर्ष आणि जमीन गेली ते वर्ष जवळजवळ असेल तर ती पावती कुठल्याही भाषणापेक्षा जास्त सांगते.

गाडी गेली कशाने, तेही सांगतो, कारण सगळा दोष जमिनीवर टाकला जातो. जमीन गेली, वैरणीची रानं गेली, हे आहेच. पण जिथे दूध टिकलं तिथूनही ही गाडी गेली. कारण गावातच बल्क कूलर आला. मोठी स्टीलची टाकी, दूध चार अंशांवर आणते. चार अंशांवर जिवाणू जवळपास थांबतात, घड्याळाची घाई संपते. मग पहाटे गोळा करत फिरायची गरजच नाही. टँकर येतो, नळी लावतो, ओढून नेतो. याच रस्त्यावर मंचरला 1992 मध्ये सुरू झालेली पराग घ्या, त्यांचा आधुनिक गोठा घ्या, तिथे दूध यंत्राने काढून थेट थंड होतं. कॅन संपला, म्हणून कॅनसाठी खाली आणलेला हौदा संपला. खेड-आंबेगावच्या दुधासाठी हे चांगलंच झालं, नासलेल्या कॅनचं दुःख गेलं. मला टेम्पोच्या काळाचं गोडवं गायचं नाही. फक्त तो काळ होता, एवढं कळायला काहीतरी शिल्लक हवं.

शिल्लक न राहण्याचं उदाहरण जवळच आहे. लष्कराचे डेअरी फार्म 1889 मध्ये अलाहाबादला सुरू झाले आणि 2021 च्या मार्चमध्ये देशभरचे बंद झाले. पिंपरीत तसाच एक होता. आज पिंपरीत डेअरी फार्म हे ठिकाणाचं नाव आहे, रिक्षावाल्याला सांगितलं की तो नेतो. किती तरुणांना माहीत असेल की तिथे खरंच गाई होत्या?

कायद्याकडे येतो, कारण इथे एक अडचण आहे आणि ती गंभीर आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. नियम चांगला आहे. पण तो दुचाकी आणि चारचाकीसाठी, आणि तोही खाजगी वापराच्या. आपली हॅन्सीट तीनचाकी. आणि दुधाची कुठलीही गाडी मालवाहू. म्हणजे एखाद्याच्या बंगल्यातली जुनी मोटार कायद्याने वारसा ठरू शकते, आणि त्या बंगल्यात ज्या गाडीने दूध पोचवलं ती ठरत नाही. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. नियम करताना कुणाच्या डोळ्यासमोर ती गाडी नव्हती, इतकंच. याबद्दल निवेदन देता येईल, आणि ते या पट्ट्यातून जायला हवं, कारण गाडी बनली इथे आणि चालली इथे.

तोवर मार्ग एकच: रस्त्यावर न आणता, उभी वस्तू म्हणून ठेवायची. मालवाहू गाडीला फिटनेस, कर, विमा असतं. वापरात नाही हे आरटीओला रीतसर कळवलं नाही तर थकबाकी चढत राहते. कायमची निकामी झाली म्हणून नोंदणी रद्द करायचा रस्ताही मोटार वाहन कायद्यात आहे. पण आरसी बुक जमा करण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाची प्रत काढा. मालकांची नावं, कर्ज कुणाचं होतं, कधी फिटलं, सगळं त्यात असतं. गाडीचं जन्मपत्र आहे ते.

ठेवायची कुठे? घरी ठेवता आली तर उत्तम. नाहीतर दूध संस्थेच्या आवारात, शाळेत, ग्रामपंचायतीच्या जागेत. यातली कुठलीही जागा घेताना लेखी घ्या, ठरावात घ्या. सरपंच बदलतो, मुख्याध्यापक बदलतात, आणि नव्या माणसाला ती गाडी नाही, पार्किंग दिसतं. आपल्याकडे बैलगाड्याला मान आहे. शर्यत परत सुरू झाली तेव्हा अख्खा तालुका घाटात लोटला, बक्षीस म्हणून जेसीबी ठेवला गेला. मला त्याचा आनंदच आहे. फक्त त्या उत्साहातला शंभरावा हिस्सा इकडे वळला तर एक शेड सहज होईल.

घाई मात्र आहे. जुने सुटे भाग मिळायची एक जागा म्हणजे चिखलीजवळची कुदळवाडी. तिथली भंगाराची गोदामं आणि इतर हजारो बांधकामं 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने पाडली. ते योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही, पण एखादा आरसा, एखादं हँडल शोधायला जायची जागा कमी झाली हे खरं. आणि ज्यांनी या गाड्या चालवल्या ते आज सत्तरीच्या पुढे आहेत.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: गाडी सुरू करून वर्षातून एकदा मिरवणुकीत काढली तर चालेल का? नुसती उभी ठेवली तर पोरं बघणार नाहीत.

इंजिन हाताने फिरतंय का ते आधी बघा. नळकांड्यात थोडं तेल सोडून, दोन-चार दिवस मुरू देऊन, मग हाताने. फिरलं तर वर्षातून एकदा आवारातल्या आवारात सुरू करा; दोन स्ट्रोकचा तो आवाज आणि धूर पोरं विसरणार नाहीत. रस्त्यावर आणू नका, वर सांगितलेली कागदांची अडचण आहे, आणि ब्रेकचं रबर पस्तीस-चाळीस वर्षांचं आहे हे विसरू नका. मिरवणूक हवीच असेल तर दुसऱ्या गाडीच्या हौद्यावर चढवून न्या. आणि सुरू करण्यासाठी जे भाग बदलाल ते जुने फेकायचे नाहीत. डब्यात ठेवा, वर चिठ्ठी लावा, कधी बदलला आणि का.

प्रश्न (एका मावशींचा): आमच्या सासऱ्यांची गाडी होती. भंगारात देऊन दहा-बारा वर्षं झाली. आता आम्ही काय जपायचं?

मावशी, तुमच्याकडे गाडीपेक्षा मोठी गोष्ट शिल्लक असेल. तुमचे सासरे आहेत का? आहेत. छान. मग एका पहाटे त्यांना कुठल्याही गाडीत पुढे बसवा. पहिला कॅन जिथून उचलायचे तिथून निघा. ते जिथे थांब म्हणतील तिथे थांबा, मग ती जागा आता कंपनीची भिंत असली तरी. कुणाचं घर, किती लिटर, कोण कॅन घेऊन उभं राहायचं, कुठे हॉर्न द्यायचा आणि कुठे द्यायचा नाही कारण घरात बाळ झोपलेलं असायचं, हे सगळं विचारा. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडताना किती वाजायचे ते विचारा, कारण तिथून पुढचा हिशोब सुरू व्हायचा. घरी कॅन असेल एखादा, त्यात आता धान्य भरलेलं असेल. तो रिकामा करून त्याचा नंबर बघा. आणि फोनवर आवाज भरून घ्यालच, पण एक वहीसुद्धा न्या. सासरे नकाशा काढायला मागतील, आणि तो बोटाने स्क्रीनवर नाही काढता येत त्यांना.